१९६९ च्या सीजे-३बी जीपला कापडी दारं: पिना, खोबण्या आणि खिट्टी विकत मिळेल की बनवूनच घ्यावी?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेली १९६९ ची महिंद्रा सीजे-३बी आमच्या वाड्यात आहे. पेट्रोल, हरिकेन इंजिन. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच आणि म्हणूनच बॉनेटही उंच. हे बॉनेट दिसलं की गावातली म्हातारी माणसं आजही हात वर करतात. गाडी रोज शेतावर जाते, शोभेची नाही.

अडचण दारांची आहे. हूड दोनदा नवीन शिवलं, पण मूळची कापडी दारं कधीतरी खळ्यातल्या पत्र्याखाली सडून गेली. आतापर्यंत बाजूच्या पट्ट्यावर भागलं. आता आईला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीला जळगावला न्यावं लागतं. ती ऐंशीची आहे आणि तिला याच गाडीत बसायचं असतं. जानेवारीत पहाटेचा गारठा, मे महिन्यात ४५ अंशांच्या झळा, मधले चार महिने पाऊस. उघड्या बाजूने तिला नेणं मला बरं वाटत नाही.

बॉडीवर काय शिल्लक आहे ते सांगतो. दोन्ही बाजूंना काचेच्या चौकटीखाली दोन-दोन खोबण्या आहेत, त्यात दाराच्या पिना वरून बसतात. उजवीकडच्या दोन्ही शाबूत होत्या, डावीकडची वरची तुटलेली. मागे खिट्टी अडकायची पट्टी दोन्हीकडे नाही.

चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक संच मागवला: चार पिना, दोन खिट्ट्या. पिना बसल्या, पण दार हातात धरलं तरी खडखड वाजे. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर पिन १२ मिलिमीटरची आणि खोबणी अर्धा इंच, म्हणजे १२.७. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, थोडं ठोका, बसेल. मी ठोकलं नाही, पण कामचलाऊ फ्रेम करून तशीच वापरली, आणि तीन आठवड्यांत उजवीकडच्या वरच्या खोबणीच्या कानाला तडा गेला. छप्पन्न वर्षं टिकलेलं लोखंड माझ्या घाईने तडकलं याचं मला फार वाईट वाटतं.

तर प्रश्न असा: मूळ मापाचा माल कुठे मिळतो का? की इथेच बनवावा? बनवायचा तर कोणत्या धातूचा, कोणत्या मापाने?

साक्रीरोड

मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, दिल्लीत मायापुरी आणि काश्मिरी गेट, आणि पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली, जिथे उघड्या जिपा बांधतात. या चार ठिकाणी जीपचा माल फिरतो. पण डबवालीचं दार त्यांच्या बॉडीच्या मापाचं असतं. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा. मी दोनदा गेलो, दोनदा मोकळ्या हाताने आलो. खिट्ट्या मात्र तिथे बऱ्या मिळतात.

जुना_फिटर_भुसावळ

केळीबाग भाऊ, बनवूनच घ्या. मी रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. घरी छोटा लेथ आहे, आणि अशा दारांच्या पिना मी पाच-सहा गाड्यांना करून दिल्या आहेत. सविस्तर लिहितो, कारण या कामात लोक कापडापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी पिन, मग फ्रेम, कापड सगळ्यात शेवटी.

तुमच्या खडखडीचा हिशोब बघा. पिन आणि भोक यांत ०.७ मिमीचा फरक. दोन खोबण्यांत अंतर समजा २५० मिमी, आणि दाराची रुंदी ६५० मिमी. वरची पिन एका बाजूला टेकते, खालची दुसऱ्या, म्हणजे खिट्टीच्या टोकाला दार जवळपास २ मिमी खाली झुकतं. खड्ड्यात तेच २ मिमी हातोड्यासारखं वर-खाली आपटतं. कान तडकला तो या आपटण्याने. लोखंडाचा दोष नाही, आणि तुमचाही अर्धाच.

आता करायचं काय. प्रत्येक खोबणी दोन दिशांनी, वर आणि खाली, असं चार ठिकाणी मोजा. इतक्या वर्षांत भोक गोल राहत नाही, अंडाकृती होतं. गोल असेल तर १२.५ ची पिन पुरे. अंडाकृती असेल तर रीमरने (भोक गोल आणि मापात करायचं हत्यार) १३ ला गोल करून १२.८ ची पिन. ०.२ मिमी मोकळीक ठेवायचीच. शेडमध्ये मी याहून घट्ट बसवलं असतं, पण आपल्याकडच्या रस्त्यावरचा फुफाटा घट्ट पिनेत गेला की तेलाबरोबर त्याची लापशी होते आणि दार निघतच नाही. पिन झिजली तर दुसरी करता येते, बॉडीवरची खोबणी दुसरी मिळत नाही. म्हणून माप नेहमी पिनेचं बदलायचं.

माल ईएन-८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, ब्राइट बार (गुळगुळीत, मापात ओढलेली सळई). पिनेला खांदा ठेवा, २० मिमी व्यासाचा, दाराचं वजन त्या खांद्यावर बसलं पाहिजे. खांद्याखाली नायलॉनचा वॉशर. टोकाला उतार, म्हणजे अंधारातसुद्धा पिन भोक शोधते.

आणि एक गोष्ट जी विकतच्या संचात कधीच नसते: खालची पिन वरच्यापेक्षा १२ मिमी लांब करा. वरची २८, तर खालची ४०. दोन्ही सारख्या असल्या तर दार चढवताना एकाच वेळी दोन भोकं साधावी लागतात, माणूस घामाघूम होतो आणि रंग ओरखडतो. खालची लांब असली की ती आधी बसते, दार तिच्यावर तोललं जातं, मग वरची आपोआप रांगेत येते. एका हाताने दार चढतं.

खोबणीचा तळ बंद असेल तर त्याला ४ मिमीचं भोक पाडा. पाणी आणि चिखल आत राहिला की दोन पावसाळ्यांत काम संपलं.

अनेरकाठ

काका, शॉकॲब्झॉर्बरचा जुना रॉड चालेल का पिनेला? गॅरेजमध्ये ढीग पडलेत. चकचकीत, गंजत नाहीत.

जुना_फिटर_भुसावळ

पिन म्हणून उत्तम, वेल्डिंगला वाईट. त्यावर हार्ड क्रोम असतो, त्याचा धूर छातीला घातक. जिथे डाग द्यायचा तिथला क्रोम आधी पूर्ण घासून काढावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. गॅल्व्हनाइज्ड पाइपचंही तेच, जस्ताचा धूर घेतला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आधी साध्या लोखंडात सगळं वेल्डिंग, मग मुलामा.

अजून एक, विसरलो होतो. गाडीवर वेल्डिंग करू नका. सीजेची पेट्रोल टाकी सीटखाली असते. तुटलेल्या खोबणीसाठी ५ मिमी पट्टीचं ब्रॅकेट वेगळं बनवा, बॉडीला जी बोल्टची भोकं आहेत त्यांतच बसवा, मध्ये रबर शीट. नवीन भोक एकही नको.

नंदनगरी_३९

हा नवीन भोकाचा मुद्दा कागदाच्या बाजूनेही महत्त्वाचा आहे. गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे. २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, त्यात ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी-चारचाकी नोंदवता येते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत. बॉडी कापली-बदलली की मूळ रूपाचा प्रश्न येतो.

केळीबाग_यावल

व्हीएचा विचार मी केला आणि सोडला. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. माझी गाडी केळीच्या बागेत गेली नाही तर ती माझ्या वडिलांची गाडी राहणार नाही. एमएच-१९ चा नंबर आहे, दर ५ वर्षांनी नूतनीकरण करतो, तेच चालू ठेवतो. पण भोक पाडणार नाही, हे पटलं.

काका, तुमच्या पोस्टची मी प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावली. खोबण्या मोजल्या. उजवीकडची खालची १२.७ गोल. वरची एका दिशेने १२.७, दुसऱ्या दिशेने थोडी जास्त, म्हणजे अंडाकृती. रविवारी तुमच्याकडे येतो.

तापीपूल

फ्रेमच्या उरलेल्या पाइपचीच खोबणी का करू नये? ५/८ इंची १६ गेजचा पाइप, त्याचं आतलं भोक साधारण १२.६ येतं. १२ ची पिन त्यात सहज जाईल. लेथचं काम वाचेल.

जुना_फिटर_भुसावळ

मोह होतो खरा. पण तो पाइप पत्रा गुंडाळून शिवलेला असतो, आत शिवणीची उभी रेघ असते. पिन त्या रेघेवर टेकते, पूर्ण भोकावर नाही. महिन्याभरात रेघ झिजली की परत तीच खडखड. भरीव गोलातून टर्न करा. तासाभराचं काम आहे.

केळीबाग_यावल

महिन्याभराने येतोय, केळीची कापणी सुरू होती. काय काय झालं ते लिहितो.

पिना काकांच्या लेथवर झाल्या. समोर बसून पाहिलं. शेवटचा पापुद्रा काढताना काका मशीन थांबवून पिन हाताला गार लागू देत आणि मगच माप घेत. गरम असताना मोजलं तर फसगत होते म्हणाले. उजवी वरची खोबणी रीमरने १३ केली. तडा गेलेल्या कानाला मागून पट्टीचा आधार दिला, बोल्टने, वेल्डिंग नाही. डावीकडचं ब्रॅकेट वेगळं बनवलं. दोन्ही खोबण्यांतून एक सरळ सळई आरपार घातली आणि ती फिरेपर्यंत बोल्ट आवळले नाहीत. सळई दोन बोटांनी फिरली तेव्हा काकांनी मान हलवली.

फ्रेमचा फरमा कसा केला ते मुद्दाम सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. पाइप एकदा वाकवला की परत सरळ होत नाही, म्हणून आधी नमुना हवा होता. आपल्याकडे ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचे तुकडे बांधाबांधावर पडलेले असतात, आणि ५/८ इंची पाइपचा बाहेरचा व्यास १५.९. म्हणजे तंतोतंत तेवढाच! लॅटरलमध्ये ६ मिमीची सळई सरकवली, हाताने वाकवत दाराच्या जागी बसवत गेलो. काचेच्या चौकटीचा तिरपा उतार, मागच्या चाकावरचा गोलवा, सगळं गाडीवरच साधलं. मग तो नमुना केळीच्या निर्यातीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ठेवून पेन्सिलने आखला. तीन खोकी उघडून चिकटवली की एक दार मावतं. डाव्या आणि उजव्या बाजूत माझ्या गाडीत ९ मिमीचा फरक निघाला, त्यामुळे एका बाजूचा फरमा उलटा करून दुसरीकडे वापरायचा नाही.

पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारून वाकवला. वाळू नसली तर वळणावर पाइप चेपतो. वाळू चुलीवर तापवून पूर्ण कोरडी केली होती, ओल राहिली आणि पाइप तापवला तर वाफेने खुंटी उडते. हा पाइप मीटरला साधारण ५६० ग्रॅम भरतो, एका दाराला चार मीटर लागला. आईसुद्धा दार उचलू शकते, तिने उचलून पाहिलं.

अनेरकाठ

लॅटरलची युक्ती एक नंबर. खिट्टीचं काय केलं? ट्रॅक्टरच्या केबिनची लावली का?

केळीबाग_यावल

आधी तीच लावली होती. ती जाड लोखंडी दारासाठी असते, बंद करायला दार जोरात आपटावं लागतं, आणि कापडी दार आपटलं की फ्रेमच पिळते. काढून टाकली.

मग साधी स्प्रिंगची खिट्टी बनवली. १० मिमी बार, टोकाला तिरपा उतार, मागे स्प्रिंग, भरीव गोलातून कोरलेलं घर. दार नुसतं लोटलं की उतारावरून खिट्टी आत दबते आणि पट्टीच्या मागे जाऊन बसते. आवाज होतो तो एकच, ‘टक’. आतून ओढायला पितळी कडी, बाहेरून हात घालायला झाकणाची फट. पट्टीची भोकं लांबट ठेवली, पुढे-मागे ६ मिमी सरकतात. कापड ताणलं गेलं किंवा आखडलं तर दार परत जुळवता यावं म्हणून.

आणि वरच्या पिनेला खोबणीखाली आडवं भोक पाडून आर-क्लिप (तारेची अडकवायची क्लिप) लावली. त्यासाठी पिन थोडी लांब घ्यावी लागली, म्हणून आता वरची ३८ आणि खालची ५०. खडकाळ रस्त्यावर दार उसळून निघत नाही. दार उघडायला क्लिपचा अडथळा नाही, फक्त वर उचलताना ती काढावी लागते. हे मी दहा वेळा तपासलं, कारण आई आत बसणार आहे. दारं आली म्हणून सीटबेल्ट सुटला नाही, कापडाने धडकेत माणूस वाचत नाही.

टाका_आणि_गोट_पाचोरा

मी ट्रकच्या ताडपत्र्या आणि जीपची हुडं शिवतो. कापडाला हात घालण्याआधी दोन शब्द ऐका.

सुती कॅनव्हास घेणार असाल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून उन्हात वाळवा. तो पहिल्या पाण्यात आखडतोच. आधी शिवलं आणि मग पाऊस लागला तर फ्रेम पिळेल, खिट्टी लागणार नाही, आणि लोक म्हणतील उन्हाने लोखंड वाढलं. लोखंड कुठलं वाढतंय? मीटरभर लांबीला ३० अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. आखडतं ते कापड.

सुती कापडाचा गुण असा की ओलं झालं की धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. रेक्झिनमध्ये पडलेलं भोक तसंच राहतं. पण शिवायला दोरा पॉलिस्टरचाच घ्या, सुती दोरा आपल्या उन्हात कुजतो.

खिडकीची पारदर्शक शीट ०.७५ मिमी. तापलेल्या पाइपला ती थेट लागू देऊ नका. जिथे टेकते तिथे पिवळी-तपकिरी पडते आणि चिरते. मध्ये कापडाची पट्टी घ्या. शीट घडी घालायची नाही, गुंडाळायची. धूळ कोरड्या फडक्याने कधी पुसायची नाही, आधी पाणी ओतायचं. पेट्रोल-थिनर तर लांबच ठेवा.

टिचबटणं लावू नका, धुळीने चार महिन्यांत जाम होतात. फिरकीची बटणं लावा. पुढची कड चौकटीच्या आत दाबून घ्या, म्हणजे वारा ती उचलणार नाही. मागची कड बाहेरून, आणि खालची झालर बॉडीच्या बाहेर. बॉडीच्या आत सोडली तर सगळं पाणी मांडीवर.

केळीबाग_यावल

दादा, ही पोस्ट आठ दिवस आधी आली असती तर एक दार वाचलं असतं. डावं दार आमच्या इथल्या कुशनवाल्याने न भिजवता शिवलं होतं. परवाच्या पावसात ते इतकं आखडलं की पट्टी पूर्ण सरकवूनही खिट्टी ४ मिमी लांब राहिली. फोटो टाकलाय, खालच्या कोपऱ्यातली सुरकुती बघा, तिथून ताण आलाय. कापड उसवून परत पाचोऱ्याला तुमच्याकडे घेऊन येतो. फ्रेम आणि पिना मात्र जशाच्या तशा.

धरणगावभो

भो, तुनी जीप देखीसन मन भरी उनं. काय भाव पडनं एक दार?

केळीबाग_यावल

भो, दोन्ही दारं मिळून साडेनऊ हजार. त्यात काकांनी लेथची मजुरी घेतली नाही, मालाचे पैसे तेवढे घेतले. पहिल्या ऑनलाइन संचाचे पैसे गेले ते वेगळे.

केळीबाग_यावल

शेवटचा अपडेट. डावं दार पाचोऱ्यात नव्याने शिवून आलं, या वेळी कापड दोनदा भिजवलं. काल आई, मी आणि भुसावळचे काका असे तिघं मनुदेवीला जाऊन आलो. आडगावच्या पुढे रस्ता उखडलेला आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याला पाऊस धो-धो होता. दारं वाजली नाहीत. मी मुद्दाम खड्डे चुकवले नाहीत. काका पूर्ण वेळ वरच्या पिनेवर बोट ठेवून बसले होते. पाणी एकाच जागी आलं, काचेची चौकट आणि दार यांच्या वरच्या कोपऱ्यात, थेंब थेंब. तिथे रबराची बीडिंग लावायची राहिली आहे.

परतताना आईने खिडकी थोडी गुंडाळायला लावली. म्हणाली, मातीचा वास आत येऊ दे.

अनेरकाठ

माझ्या मामांची १९७२ ची सीजे-३बी चोपड्याला उभी आहे, दारांविना. फरमा मिळेल का भाऊ?

केळीबाग_यावल

पुठ्ठ्याचा फरमा दोन्ही बाजूंचा, डावा-उजवा लिहून, पाचोऱ्याला टाका_आणि_गोट दादांच्या दुकानात टांगलेला आहे. कधीही न्या, आणून परत टांगा. पण पिना माझ्या मापाच्या करू नका. मामांच्या खोबण्या आधी मोजा, चार ठिकाणी. व्हर्नियर नसेल तर माझा घेऊन जा.